पिस्टनचे लॉक : त्याची हत्यारे व बसविण्याची रीत

घरी बैलजोडी असली म्हणजे तिचे खूर, दात, खांदा व चाल कशी पाहावी, हे शेतकऱ्याच्या मुलास मुद्दाम शिकवावे लागत नाही. वडीलधाऱ्यांच्या मागून हिंडता हिंडता ते ज्ञान त्यास आपोआप होते. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली व पुढे देशी लोखंडी नांगर गावोगाव पोहोचला, तेव्हाही फारशी अडचण पडली नाही; कारण नांगराचा फाळ बोथटला तर गावचा लोहार तो पाहू शके. परंतु १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, विहिरीविहिरींवर इंजिने बसू लागली, आणि त्यानंतर पाठीवरचे फवारणी पंप, गवत कापण्याची यंत्रे, पाणी उपसण्याचे लहान पंप अशी इंजिने घराघरांत आली. ती आपण रोज वापरतो, पण त्यांच्या पोटात काय आहे याची माहिती आपणांस फारच थोडी असते. सबब या इंजिनांतील सर्वांत लहान व स्वस्त, परंतु निसटल्यास सर्वांत अधिक नुकसान करणाऱ्या एका भागाविषयी येथे लिहिण्याचे योजिले आहे. हा भाग म्हणजे पिस्टनमधील पिनीस अडवून धरणारे लॉक होय. छापील पुस्तिकेत यास सर्क्लिप म्हणतात. दुकानात व कारागिरांत लॉक हेच नाव रूढ आहे.

प्रस्तुत लेखक यंत्रविद्येत पारंगत नाही. आयुष्यातील बहुतेक काळ महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेला. पुढे जे सांगावयाचे आहे ते स्वतः नुकसान सोसून शिकलेले आहे, इतकाच त्याचा अधिकार.

तीन वर्षांमागील गोष्ट. आमच्या तीन एकर तुरीस फुलोरा भरात होता, शेंगा धरू लागल्या होत्या आणि फुलांच्या झुपक्यांत शेंगअळीची बारीक पिल्ले दिसू लागली होती. ही अळी लहान असते तोवर औषधास बळी पडते. मोठी होऊन शेंगेत तोंड खुपसून बसली म्हणजे तिला मारणे कठीण जाते. म्हणजे एकेक दिवस मोलाचा होता. नेमक्या याच वेळी फवारणी पंपाच्या इंजिनातून खडखड आवाज येऊ लागला. आमचा पुतण्या आयटीआयमध्ये इंजिनदुरुस्ती शिकलेला आहे. त्याने सिलिंडर उतरवून पाहिले व पिनीवरचे सुयांचे बेअरिंग झिजल्याचे सांगितले. त्यास त्याच दिवशी कामानिमित्त परगावी जाणे भाग होते. पिस्टन सोडवून त्याने मजपुढे ठेवला, जोडणीची रीत दाखविली, आणि जाताना बजावले, "काका, बेअरिंग तुम्ही घालाल, पण लॉक मात्र दोन्ही नवी आणा. जुनी पुन्हा घालू नका."

तालुक्याच्या गावी बेअरिंग मिळाले, पण त्या मापाचे लॉक त्या दुकानात नव्हते. दुसरे दुकान गावाच्या पार पलीकडच्या टोकास. एसटीची वेळ झालेली. शिवाय जुनी लॉक डोळ्यांस अगदी चांगली दिसत होती. दप्तरात कागदाची कोरी पाठ कधी वाया जाऊ न देणारा मी; धडधाकट वस्तू टाकून देणे मनास पटेना. मी तीच पुन्हा घातली.

पहिला दिवस पंप उत्तम चालला. दुसऱ्या दिवशी चौथी टाकी चालू असता आत खर्र असा आवाज झाला, इंजिन दबले व थांबले. दोरी ओढता ओढेना. उघडून पाहतो तो एका बाजूचे लॉक जागेवर नव्हते. पीन सरकून सिलिंडरच्या भिंतीस लागली होती व तिने नखाने ओढावा तसा उभा चर पाडला होता. लॉकचा एक तुकडा पिस्टनच्या कडेत रुतलेला सापडला. पिस्टन गेला, सिलिंडर गेले, आणि ते माल येईपर्यंत आठ दिवस गेले. हातपंपाने व मजुरांच्या साह्याने निम्मे शेत कसेबसे उरकले. उरलेल्या निम्म्यात ज्या शेंगा भरल्या त्यांस भोके पडलेली होती. हे सर्व ज्या वस्तूपायी झाले तिची किंमत चहाच्या एकदोन पेल्यांहून अधिक नव्हती.

पुतण्या परत आला तेव्हा तो रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, "काका, बसविल्यावर लॉक फिरवून पाहिले होते का?" मी पाहिले नव्हते. पाहावयाचे असते हेच मला ठाऊक नव्हते. त्या प्रश्नाचा अर्थ पुढे येईल.

लॉकचे काम

पिस्टन सिलिंडरमध्ये खालीवर धावतो व त्याचा जोर कनेक्टिंग रॉड नावाच्या दांड्याने क्रँकास पोहोचतो. पिस्टन व दांडा यांना जोडणारी जी पोकळ पोलादी पीन, तीस गजन पीन म्हणतात. पुष्कळ लहान इंजिनांत ही पीन घट्ट ठोकलेली नसते, मोकळी फिरती असते. ती आडवी सरकून भिंतीस लागू नये म्हणून पिस्टनमधील तिच्या भोकाच्या दोन्ही तोंडांशी एकेक गोल खाच कोरलेली असते, आणि त्या खाचेत हे लॉक बसते. लॉक म्हणजे दारास लावलेला अडसरच समजावा. ते स्वतः जोर करीत नाही. पिनीस वाट मात्र देत नाही.

हा अडसर खाचेत टिकतो तो केवळ आपल्या ताणामुळे. लॉक हे स्प्रिंगच्या पोलादाचे असते व मोकळे असता खाचेहून किंचित मोठे असते. दाबून आत घातले की ते बाहेर फाकू पाहते आणि खाचेच्या तळाशी घट्ट टेकते. एकदा काढताना ते वेडेवाकडे दाबले जाते व त्याचा ताण थोडा तरी मरतो. किती मेला हे डोळ्यांस दिसत नाही. जुने लॉक पुन्हा वापरू नये याचे कारण हेच.

त्यास सोसावे लागते तेही लक्षात घ्यावे. मिनिटास ६,००० फेरे घेणाऱ्या लहान पेट्रोल इंजिनात पिस्टनची दिशा दर फेऱ्यास दोनदा पालटते, म्हणजे एका सेकंदात २०० वेळा. १,५०० फेऱ्यांच्या डिझेल इंजिनातही ती सेकंदास ५० वेळा पालटते. धावती गाडी एकदम थांबली की आत बसलेला मनुष्य जसा पुढे झुकतो, तसा हेलकावा त्या तारेच्या कड्यास प्रत्येक वेळी बसतो.

लॉक मुख्यतः दोन जातींची असतात. एक, गोल तारेचे, इंग्रजी सी अक्षरासारखे. लहान पेट्रोल इंजिनांत बहुधा हेच असते. दुसरे, पत्र्यातून कापलेले चपटे, ज्याच्या दोन्ही टोकांस पक्कड घालण्याकरिता बारीक भोके असतात. एकाच्या खाचेत दुसरे बसत नाही. तारेची जाडी व कड्याचा व्यास यांत किंचित फरक असला तरी ते लॉक निरुपयोगी समजावे. दुकानात जाताना यंत्राचे नाव व नमुना लिहून न्यावा आणि जुने लॉक सोबत ठेवावे.

हत्यारे

हत्यारे थोडीच लागतात, पण ती योग्य असावीत. तारेच्या लॉकसाठी लांब व बारीक तोंडाची नोज पक्कड आणि लहान पेचकस. पेचकसाच्या कडा कानशीने किंचित गोल करून घ्याव्यात, म्हणजे पिस्टनच्या मऊ ॲल्युमिनियमवर ओरखडा उठत नाही. चपट्या लॉकसाठी सर्क्लिप पक्कड हवी. ही पक्कड दोन प्रकारची मिळते: मूठ दाबली असता तोंड मिटणारी आणि मूठ दाबली असता तोंड उघडणारी. भोकातील लॉकसाठी तोंड मिटणारी पाहिजे; विकत घेताना हे तपासावे.

पीन ढकलण्यासाठी पिनीहून किंचित बारीक अशी कठीण लाकडाची किंवा भरीव बांबूची गोल दांडी पुरते. एक पांढरे फडके, एक लोहचुंबक, चांगला दिवा अथवा बॅटरी, आणि डोळ्यांवर चष्मा. हे लॉक पक्कडीतून निसटले तर डोळ्यास इजा करण्याइतक्या वेगाने उडते, तेव्हा चष्म्याची गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

ज्यास हे काम वारंवार करावे लागते त्याने लॉक बसविण्याची नळी करवून घ्यावी. या नळीचे आतील भोक मागील बाजूस रुंद व पुढे निमुळते असते. मागून लॉक घालावयाचे व दांडीने पुढे रेटावयाचे. पुढे जाता जाता ते सारखे दाबले जाते आणि नळीचे तोंड पिनीच्या भोकाशी नीट टेकलेले असले म्हणजे तेथून निघून थेट खाचेत उघडते. लेथचे काम करणारा कारागीर पिस्टनचे माप घेऊन अशी नळी करून देऊ शकतो. हिचा मोठा गुण असा की, लॉक जरुरीपेक्षा अधिक दाबले वा पिळले जात नाही.

जुने लॉक काढणे

प्रथम स्पार्क प्लगची तार काढून ठेवावी. फवारणी पंप असल्यास औषधाची टाकी व नळ्या स्वच्छ धुऊन मगच कामास बसावे. यंत्रावरील माती व तेलकट मळ आधी बाहेरूनच पुसून काढावा. सिलिंडर उतरविल्याबरोबर खालच्या क्रँकच्या पेटीचे तोंड स्वच्छ फडक्याने दांड्याभोवती नीट बुजवावे. ही गोष्ट विसरली आणि लॉक आत पडले, तर दहा मिनिटांचे काम दोन दिवसांचे होते.

पिस्टनच्या डोक्यावर बहुधा बाण असतो. तो कोणत्या बाजूस आहे हे काढण्यापूर्वी कागदावर टिपून ठेवावे. दोन धावांच्या इंजिनात तो सामान्यतः धूर निघण्याच्या बाजूकडे असतो. खाचेच्या कडेस एक लहान खोबण दिसेल. तेथून पेचकसाचे टोक लॉकखाली घालावे व दुसऱ्या हाताचा अंगठा लॉकवर टेकवून ते हळूच उचलावे. अंगठा असला म्हणजे ते उडत नाही. त्याहून चांगली युक्ती अशी की, पिस्टन व हात ही दोन्ही एका मोठ्या पारदर्शक प्लास्टिक पिशवीत घालून काम करावे. लॉक उडालेच तर पिशवीत सापडते.

पीन बाहेर ढकलण्यापूर्वी भोकाच्या कडेचा काजळीचा थर लाकडी काडीने खरवडावा. पीन घट्ट असेल तर हातोडा कदापि मारू नये. तो मार पिस्टनवर थांबत नाही. दांड्यास पोहोचतो व दांडा वाकतो. कढत पाण्यात पिळलेले फडके काही वेळ पिस्टनभोवती गुंडाळावे. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते, त्यामुळे भोक सैल होऊन पीन दांडीच्या साध्या दाबाने सरकते.

नवे लॉक बसविणे

दोन्ही खाचा स्वच्छ करून दिव्याखाली पाहाव्यात. खाचेची कड तुटलेली किंवा झिजून गोल झालेली असेल तर नवे लॉकही तेथे टिकणार नाही. तो पिस्टन बदललाच पाहिजे.

पहिले लॉक पिस्टन हातात मोकळा असतानाच टेबलावर बसवून घ्यावे, आणि जी बाजू यंत्रावर गेल्यावर अडचणीची होईल त्याच बाजूस ते बसवावे. मग यंत्रावर एकच लॉक घालणे उरते. त्यानंतर बेअरिंग व पिनीस तेल लावून, बाण जागच्या दिशेस ठेवून, पीन पहिल्या लॉकला टेकेपर्यंत आत सारावी.

दुसऱ्या लॉकचे एक टोक प्रथम खाचेत घालावे, त्या बाजूवर अंगठा ठेवावा, आणि उरलेला भाग पेचकसाने थोडा थोडा आत सारीत न्यावा. शेवटचे टोक आत जाताना टक् असा बारीक आवाज येतो. लॉकचे उघडे तोंड सरळ वर किंवा सरळ खाली यावे, आणि काढण्याच्या खोबणीवर मात्र येऊ नये. यास कारण आहे. तोंड आडवे ठेवले तर खालीवर हेलकाव्याने त्याचे एक टोक खाचेत दाबले जाते, त्याच क्षणी दुसरे खाचेतून उचलले जाते. तोंड वर किंवा खाली असले म्हणजे तो जोर टोकांच्या लांबीच्या दिशेने जातो व ती खाचेतच राहतात.

चपट्या लॉकची एक कड किंचित गोल व दुसरी धारदार असते, कारण ते पत्र्यातून कापलेले असते. धारदार कड पिनीकडे न ठेवता बाहेरच्या बाजूस ठेवावी, म्हणजे पिनीचा रेटा आला असता ती खाचेच्या भिंतीस घट्ट धरून राहते. पक्कडीने हे लॉक भोकात जाण्यापुरतेच मिटावे. टोकास टोक लागेपर्यंत दाबल्यास ते नवे असूनही जुन्यासारखे होते.

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा पिस्टन पुष्कळदा दांड्यासह वरून बाहेर काढता येतो. मग सर्व काम टेबलावरच होते व आत काही पडण्याचे भय राहत नाही. तो पिस्टन मोठा व पीन अधिक घट्ट असते. म्हणून तो एकटा कढत पाण्यात ठेवून, कोरडा पुसून, तेल लावून गरम असतानाच पीन घालावी. लॉकचे नियम तेच.

रुजवात

महसुली दप्तरात नोंद लिहिली म्हणजे काम झाले असे नसते. मूळ कागदाशी ती ताडून, रुजवात घेऊन, मगच खाली सही होते. लॉकचेही तसेच आहे. ते आत गेलेले दिसणे आणि ते खाचेत बसलेले असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

बसविल्यावर दिवा जवळ धरून पूर्ण वर्तुळ पाहावे. कोठेही ते खाचेबाहेर डोकावता कामा नये. मग पेचकसाच्या टोकाने लॉक खाचेतल्या खाचेत थोडे फिरवून पाहावे. नीट बसलेले लॉक जरा जोर लावल्यावर सरकते व सर्व बाजूंनी सारखेच घट्ट लागते. सैल, खुळखुळते फिरले तर त्याचा ताण गेला आहे किंवा माप चुकले आहे. ते काढून टाकावे. मुळीच फिरले नाही तर एखादा भाग खाचेबाहेर अडकला आहे की काय ते पाहावे. खातरी झाल्यावर तोंड पुन्हा वर किंवा खाली आणून ठेवावे. पुतण्याच्या प्रश्नाचा अर्थ हाच होता. अर्ध्या मिनिटाचे हे काम मी केले असते, तर जुन्या लॉकचा सैलपणा माझ्या हातास त्याच दिवशी कळला असता.

शेवटी, क्रँकच्या पेटीवरील फडके काढण्यापूर्वी जुनी दोन लॉक, त्यांचे तुकडे व उरलेले सामान पांढऱ्या फडक्यावर मांडून मोजावे. हिशेब जुळला तरच सिलिंडर चढवावे.

लॉक आत पडल्यास, किंवा पुन्हा निघाल्यास

लॉक पेटीत पडले असा नुसता संशय आला तरी क्रँक फिरवू नये. लॉक पोलादी असल्याने काडीस बांधलेल्या लोहचुंबकास ते पुष्कळदा लागते. न लागल्यास यंत्र उलटे धरून हळूहळू हलवावे. तरीही न सापडल्यास पेटी उघडण्यावाचून उपाय नाही. "निघेल कोठूनतरी" असे म्हणून इंजिन सुरू करणे म्हणजे गोठ्यात साप शिरलेला पाहून दार लावून घेणे होय.

नवे लॉक नीट बसवूनही ते पुन्हा निघाले, तर दोष लॉकला देऊन स्वस्थ बसू नये. दांडा वाकलेला असेल, क्रँक आडवा सरकत असेल, अथवा खाच झिजलेली असेल. या सर्वांमुळे पीन सारखी एका बाजूस रेटली जाते आणि कितीही चांगला अडसर अखेर तुटतो. अशा वेळी यंत्र जाणत्या कारागिराकडेच न्यावे.

संस्थेच्या सभासदांस एक सूचना करावीशी वाटते. नोज पक्कड, सर्क्लिप पक्कड, चुंबक, आणि गावात ज्या जातीचे पंप अधिक आहेत त्यांच्या मापाची पाचपंचवीस लॉक, एवढे सामान एका डब्यात घालून प्रत्येक गावी एका सभासदाच्या घरी ठेवावे. खर्च वाटून घेतला तर कोणास जड जाणार नाही, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत तालुक्यास धावण्याची व एसटीच्या वेळेकडे पाहून जुन्यावर भागविण्याची पाळी कोणावर येणार नाही.

आमच्या गावी असा डबा यंदा माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात शेजारचे एक गृहस्थ पंप उघडा घेऊन सायंकाळी आले. ढग आलेले होते, त्यांची घाई मला कळत होती. लॉक त्यांनीच घातले व सिलिंडर उचलले. मी बॅटरी त्यांच्या हाती दिली व म्हटले, "आधी फिरवून पाहा." त्यांनी पाहिले, एका अंगास ते खाचेबाहेर राहिले होते. काढून दुसरे घातले, फिरविले, आणि मग सिलिंडर चढविले. त्यांची फवारणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आटोपली.